गाडी, तंबू आणि एक रात्र: नागपूरकरांसाठी पहिल्या कॅम्पिंगची बांधाबांध

नोव्हेंबर लागला, उन्हाची धार कमी झाली की नागपुरात बऱ्याच घरांत एकच बेत शिजतो. शनिवारी दुपारी गाडी काढायची, रामटेककडे किंवा उमरेडकडे वळायचं, तंबू ठोकून एक रात्र काढायची आणि रविवारी जेवायच्या वेळेला घरी. बेत चांगला आहे, फार खर्चिकही नाही. गाडी सोबत असते, त्यामुळे पाठीवर ओझं वाहायचं नसतं आणि लहान मुलं, आजी-आजोबाही येऊ शकतात. पण याच सोयीपायी सामान बेसुमार वाढतं. डिक्की भरते, मागची सीट भरते, मुलांच्या पायाशी पिशव्या येतात. आणि अंधार पडल्यावर नेमकी बॅटरी सापडत नाही.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा एकच आग्रह असतो: बांधाबांध रात्रीपासून सुरू करा. दिवस कसाही निघून जातो. चहा नाही मिळाला तर टपरीवर मिळेल, खुर्ची नसेल तर सतरंजीवर बसता येईल. रात्री मात्र चार गोष्टी जागेवर असाव्याच लागतात: अंगाला ऊब, खाली कोरडी जमीन, हाताशी उजेड आणि प्यायला पाणी. या चारही पुऱ्या झाल्याशिवाय यादीत पाचवी वस्तू लिहू नका.

आधी जागा ठरवा

कुठे जायचं यावर काय न्यायचं ते ठरतं. पेंच, ताडोबा, उमरेड-करांडला, बोर हे सगळे वाघाचे पट्टे आहेत. तिथे जंगलात मनाला येईल तिथे तंबू लावता येत नाही, आणि लावूही नये. ठरलेल्या वेळेनंतर आत थांबणं हा गुन्हा आहे. राहायचं ते वनखात्याच्या संकुलात किंवा बाहेरच्या गावांतल्या रिसॉर्टवर, होमस्टेच्या अंगणात, कुणाच्या शेतावर त्यांची परवानगी घेऊन.

पहिल्या वेळी नागपूरपासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आतली जागा निवडा. रामटेक, खिंडसी तलावाचा परिसर, उमरेडची बाजू. कारण सरळ आहे: रात्री अकराला पोराला ताप भरला तर तास-दीड तासात घर गाठता आलं पाहिजे. चिखलदरा, पचमढी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करा. चिखलदरा नागपूरपेक्षा साधारण आठशे मीटर उंच आहे आणि उंची हजार मीटरने वाढली की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे नागपुरात पारा १० वर असेल त्या रात्री तिथे पाचच्या आसपास धरून चाला.

जागेच्या मालकाला निघण्याआधी फोन करून विचारा: संडास-बाथरूम किती अंतरावर आहे, प्यायचं पाणी मिळेल का, गाडी तंबूजवळ येते का, शेकोटी चालते का, जवळचा दवाखाना कुठला. या उत्तरांवर तुमचं निम्मं सामान कमी-जास्त होतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा तंबूत रात्रीही जीव घाबरा होतो. पावसाळ्यात आपली काळी माती चाकांना अशी धरते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. थंडीतही अवकाळी पाऊस झाला असेल तर मुरमाचा रस्ता सोडून गाडी शेतात घालू नका. वरून खडखडीत दिसणारी जमीन बोटभर खाली चिकट असते.

झोपायचं सामान

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. नागपूरची थंडी लोक हलक्यात घेतात, कारण दुपारी ऊन चांगलंच असतं. पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री १० च्या खाली सहज येतो. २०१८ च्या डिसेंबर अखेरीस तर शहरात तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उघड्यावर, तलावाच्या काठी, दवात शहरापेक्षा जास्तच गारठा असतो.

थंडी वरून वाजते असं वाटतं, प्रत्यक्षात अंगातली ऊब खालची जमीन ओढून घेते. तुमच्या वजनाने पांघरुणाचा खालचा भाग दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि मग तो कितीही जाड असला तरी उपयोगाचा राहत नाही. म्हणून पांघरुणाच्या आधी अंथरुणावर पैसे खर्च करा. दहा-बारा मिलिमीटर जाडीचा दाट फोम कापून मिळतो, तो सगळ्यात भरवशाचा. त्यावर घरची सतरंजी, त्यावर गोधडी. हवेची गादी मऊ असते, पण तिच्यातली हवा रात्री गार होते आणि पाठ कुडकुडते. नेणारच असाल तर तिच्यावर जाड गोधडी किंवा ब्लँकेट टाका. शिवाय गार हवा आकसते, त्यामुळे पहाटे गादी सैल लागते. दर वेळी ते पंक्चरच असेल असं नाही.

स्लीपिंग बॅग पहिल्या खेपेला विकत घेऊच नका. घरातली रजई न्या; गाडी आहे, जागेची अडचण नाही. पुढे घ्यायची झाली तर तिच्यावरचे आकडे नीट वाचा. कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. एक्स्ट्रीमचा आकडा जीव वाचण्यापुरता असतो, त्यात झोप लागत नाही. दुकानदार तोच मोठ्याने सांगतो. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघा. आपल्या भागातल्या हिवाळ्याला ५ ते १० अंश कम्फर्टची बॅग पुरते.

प्रत्येकाची झोपायच्या कपड्यांची वेगळी पिशवी भरा: कोरडे मोजे, कानटोपी, स्वेटर, सैल पायजमा. दिवसभर अंगावर असलेल्या कपड्यांत घाम मुरलेला असतो, त्यात झोपलात की पहाटे गारठता. मुलांचा एक जोड जास्तीचा घ्या. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा. दोन-तीन तास छान ऊब राहते. नागपूरकराला दुपट्ट्याचं महत्त्व सांगायला नको. दिवसा उन्हाला, रात्री गळ्याला, आणि गरम गंज, म्हणजे पातेलं, उचलायलाही तोच.

तंबू

तंबूवर "चार जणांचा" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ चार जण खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून. नवरा-बायको आणि एक मूल असेल तर चार जणांचा घ्या. दोन थरांचा असावा: आतला जाळीचा, वरचा पाणी अडवणारा. एका थराच्या स्वस्त तंबूत श्वासातली वाफ रात्रभर आतल्या अंगाला जमते आणि सकाळी अंगावर ठिबकते. दोन थरांच्या तंबूतही वरची खिडकी थोडी उघडी ठेवा. थंडी वाजेल म्हणून सगळं बंद केलंत तर पांघरुणं ओलसर होतील आणि जास्तच थंडी वाजेल.

खाली ताडपत्री अंथरायची, ती तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडी लहान. बाहेर आली तर दव आणि पावसाचं पाणी तिच्यावर साचून थेट तुमच्या खाली येतं. जास्तीची कड आत दुमडून टाका.

तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या मुरमात वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून वीतभर लांबीचे जाड लोखंडी खिळे आठ-दहा घ्या, सोबत हातोडी. खुंटी सरळ ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं आणि टोक तंबूच्या बाजूला जाईल अशी तिरपी ठोका. दोरी ताणली की ती आणखी घट्ट बसते. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा, रात्री पाय अडकत नाही.

नवा तंबू जंगलाच्या कडेला पहिल्यांदा उघडायचा नाही. आठवडाभर आधी गच्चीवर लावा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, कोपऱ्यांवर विटा ठेवा. दांडे कुठल्या खोबणीत जातात, वरचा थर कुठल्या बाजूने येतो हे तिथेच कळू दे. जमलं तर एक रात्र तिथेच झोपा. अंथरूण पुरतं की नाही, कुणाला काय लागतं, हे एका रात्रीत उघड होतं आणि घर दोन पायऱ्यांवर असतं.

जागा निवडताना वर बघा. वाळलेली फांदी असेल तर तिथून हला. नाल्याच्या पात्रात लावू नका. पाण्याच्या अगदी काठावरही नको, तिथे दव जास्त असतं आणि जनावरांची पाण्यावर यायची वाट तीच असते.

चूल आणि जेवण

पहिल्या रात्री मोठा स्वयंपाक मांडू नका. पोळ्या किंवा भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा घरून न्या आणि तिथे फक्त खिचडी टाका. भरीत खायचंच असेल तर वांगी घरीच भाजून, सोलून डब्यात भरा. कांद्याची पात, सांबार (कोथिंबीर) चिरून वेगळं. तिथे फोडणी दिली की झालं. फल्लीदाणे भरपूर घ्या. संध्याकाळी तंबू लावून होईपर्यंत मुलांना काहीतरी चघळायला लागतं.

सकाळचे तर्री-पोहे मात्र सोडू नका, आणि त्यासाठी एक युक्ती सांगते. शुक्रवारी चण्याची तर्री करून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरला लावा. डबा तोंडापर्यंत भरू नका, गोठताना ती फुगते. शनिवारी तो गोठलेला डबा आइसबॉक्सच्या तळाशी ठेवा. रविवारी सकाळपर्यंत तो बर्फाचं काम करतो, दूध-दही गार ठेवतो, आणि मग गंजात जातो. बाकी बर्फासाठी पाण्याच्या बाटल्या गोठवा. बर्फाचा चुरा लवकर वितळतो, मोठा ठोकळा टिकतो. आणि बाटलीतलं वितळलेलं पाणी पिताही येतं. आइसबॉक्स सारखा उघडला की गार राहत नाही, म्हणून पिण्याच्या वस्तूंचा वेगळा ठेवा.

गॅसचं काय? चौघांच्या एका रात्रीसाठी डब्यासारख्या छोट्या कॅनवर चालणारी शेगडी पुरे. सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमची एक कॅन पूर्ण आचेवर साधारण दीड तास चालते, दोन न्या. वाऱ्याला आडोसा करायचा, पण शेगडी चारी बाजूंनी पत्र्याने बंद करू नका, कॅन तापते. उन्हात उभ्या बंद गाडीत कॅन ठेवू नका. तिच्यावरच ५० अंशांच्या वर ठेवू नये असं छापलेलं असतं, आणि उन्हाळ्यात नागपुरात बंद गाडी तेवढी सहज तापते. मोठा गट असेल आणि पाच किलोचा सिलिंडर न्यायचा असेल तर रेग्युलेटर काढून, टोपी लावून, उभा आणि बांधून न्या; काच थोडी खाली ठेवा.

एक गोष्ट कितीही गारठा असला तरी करायची नाही. पेटती शेगडी, कोळशाची सिगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं तंबूत किंवा बंद गाडीत आणायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, झोपेत कळत नाही, आणि माणूस उठतच नाही. ऊब हवी तर रजई वाढवा.

शेकोटी परवानगी असेल तिथेच, मोकळ्या जमिनीवर, आधीच्याच खड्ड्यात. फेब्रुवारीच्या मध्यापासून जंगलात पानगळीचा थर वाळतो आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो; तेव्हा शेकोटीचा विचारच नको. झोपण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता, ढवळा, परत ओता. हात लावण्याइतकी राख गार झाली म्हणजे विझली.

भांडी थोडकी: दोन गंज, एक कढई, तवा, सराटा, सांडशी, चाकू, माचिसच्या दोन पेट्या प्लास्टिकच्या डबीत. ताटं स्टीलची. कागदी पत्रावळी वाऱ्याने शेतभर होतात.

पाणी

माणशी चार ते पाच लिटर धरा, पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून. चौघांना वीस लिटरची एक कॅन. हात-भांडी धुवायला वेगळं पाणी जागेवर मिळत नसेल तर दुसरी कॅन. तोटी लावलेली कॅन घ्या, पाणी निम्मं लागतं.

उजेड, औषधं आणि साप

डिसेंबरमध्ये नागपुरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. चारपर्यंत पोहोचा म्हणजे तंबू उजेडात लागतो. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला एक. दोन्ही हात मोकळे राहतात. मधोमध टांगायला पिवळसर उजेडाचा एक दिवा, पांढऱ्या दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. जास्तीचे सेल आणि भरलेली पॉवर बँक. बॅटऱ्या डिक्कीत टाकू नका, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.

औषधांच्या डब्यात पॅरासिटामॉल, ओआरएसच्या पुड्या, जंतुनाशक मलम, बँडेज, चिकटपट्टी, चिमटा, ॲलर्जीची गोळी, डासांचं मलम, आणि घरातल्या मोठ्यांची रोजची औषधं दोन दिवस जास्तीची.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते; चावल्याचं अनेकदा कळतही नाही. म्हणून तंबूची चेन कायम लावलेली हवी, आत-बाहेर करताना सुद्धा. बूट तंबूच्या आत, पिशवीत. सकाळी झटकून घाला, विंचू बसलेला असतो. अंधारात संडासला जाताना बॅटरी आणि बंद बूट. जळणाचा ढीग हाताने उपसू नका.

चावलाच तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, वर करकचून दोरी बांधायची नाही. अंगठी-बांगड्या काढा, हातपाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. प्रतिविष कुठल्या दवाखान्यात मिळतं हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. कागदावरच, कारण रेंज जाते. नकाशाही घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या.

गाडी भरणं

निघायच्या आदल्या दिवशी चाकांची हवा बघा. भरलेल्या गाडीसाठी हवा किती हवी ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, आणि रिकाम्या गाडीपेक्षा ते जास्त असतं. स्टेपनीतही हवा बघा. जॅक, पाना, ओढायची दोरी, जंपर केबल, चाकात हवा भरायचा छोटा पंप. पेट्रोल शहरातच भरा.

आता भरायचा क्रम. सामान पिशव्यांत नको, झाकणाच्या तीन पेट्यांत: एक झोपेची, एक चुलीची, एक किरकोळ. प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून तिच्यातल्या सामानाची यादी चिकटवा. जड वस्तू तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, म्हणजे आधी पाण्याची कॅन, मग चुलीची पेटी, सिलिंडर असेल तर तो. वीस लिटरची कॅन म्हणजे वीस किलो वजन. ती वर, मोकळी ठेवलीत आणि करकचून ब्रेक लागला तर पुढच्यांच्या डोक्यावर येते. त्यावर गाद्या, रजया. सगळ्यात शेवटी, दाराशी, तंबू, ताडपत्री आणि हातोडी. पोहोचल्यावर डिक्की उघडली की आधी तेच हाताला आलं पाहिजे. मागच्या काचेतून रस्ता दिसेल एवढी जागा सोडा. टपावर कॅरिअर असेल तर फक्त हलकं सामान: फोम, खुर्च्या. टपाची क्षमता गाडीच्या पुस्तकात दिलेली असते, ती ओलांडू नका. वर वजन गेलं की वळणावर गाडी डोलते.

मुक्कामी रात्रभर गाडीचा दिवा किंवा चार्जर चालू ठेवू नका. डिक्कीचं दार उघडं राहिलं की आतला छोटा दिवा जळत राहतो, आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

ब्लूटूथचा स्पीकर घरी ठेवा. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. शेजारच्या तंबूतली माणसं आणि झाडावरची पाखरं दोघांनाही रात्र शांत मिळाली पाहिजे. काचेची भांडी, मोठं टेबल, कोळशाची मोठी सिगडी हेही पहिल्या खेपेला नको.

जेवण झालं की उरलेलं अन्न, तेल, साखर, कचऱ्याची पिशवी सगळं गाडीत बंद करा. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको: मुंग्या येतात, कुत्री येतात, रानडुक्कर वासावर येतं. पहाटे माकडं. त्यांना काही घालू नका. एकदा सवय लागली की पुढच्या माणसाच्या हातातून ओढून घेतात. ओला कचराही नागपूरला परत आणायचा. संत्र्याच्या साली "मातीत जातात" म्हणून टाकू नका, त्या महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात.

परत आल्यावर

तंबू सकाळी दवाने ओला असतो, तसाच गुंडाळावा लागतो. त्याच दिवशी गच्चीवर पसरून दोन्ही बाजूंनी वाळवा. दोन दिवस ओला राहिला तर बुरशी धरतो आणि तो वास जात नाही. रजया उन्हात टाका. खुंट्या मोजून पिशवीत भरा. गॅसच्या कॅन गाडीतून काढून घरात सावलीला ठेवा. चुलीच्या पेटीतलं मीठ, चहा, साखर, माचिस संपलं असेल तर त्याच संध्याकाळी भरा. आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या यादीत जे नेलं पण लागलं नाही त्यावर काट मारा, जे कमी पडलं ते खाली लिहा. सोमवारवर ढकललंत तर यातलं निम्मं आठवणार नाही.